सात नंबरनं ओ दिली

३ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! टेकडी चढताना जीप दोनदा बंद पडली, दुसऱ्यांदा तर मी उतरून ढकललीसुद्धा, आणि नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन दारात उभी राहिले. स्वागताला एक बुटक्या, जाड चष्म्याच्या बाई आल्या. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग स्वच्छ फरशीकडे, आणि न बोलता हातात एक फडकं दिलं. सगळे त्यांना हेडबाई म्हणतात. हुद्द्यानं त्या मुख्य ऑपरेटर आहेत, पण ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला माणसं कळतात.

केंद्र म्हणजे टेकडीच्या माथ्यावर चार भल्यामोठ्या डिश, त्यांच्या पायाशी एक बैठी इमारत आणि मागं जनरेटरची खोली. आमची कंपनी उपग्रहावरचे चॅनेल भाड्यानं देते. जिथं तारा पोचत नाहीत, मोबाइलचे टॉवर नाहीत, तिथली माणसं आमच्यामार्फत जगाशी बोलतात. बारा चॅनेल, बारा गिऱ्हाइकं. बँक आहे, टीव्हीवाले आहेत, बोटींची कंपनी आहे, डोंगरातल्या खाणीवरची छावणी आहे. आणि सात नंबरला आहे बेटावरचा दवाखाना.

रोजनिशीपासून काय लपवायचं? ही नोकरी मी त्या सात नंबरसाठीच धरली. तिथं माझा धाकटा भाऊ डॉक्टर आहे. घरात त्याला बारक्या म्हणतात. सहा फूट उंच आहे, दारातून वाकून यावं लागतं, पण बारक्या तो बारक्याच. दीड वर्षं त्याचा आवाज महिन्यातून एकदा ऐकायला मिळायचा, आता रोज मिळेल. आईनं निघताना बजावलं, की त्याच्यावर लक्ष ठेव आणि वेळेवर जेवतो की नाही ते मला कळवत जा.

खोली लहान आहे, पण खिडकीतून समुद्राची पट्टी दिसते. नऊ वर्षं कॉल सेंटरच्या बिनखिडकीच्या हॉलमध्ये लोकांच्या शिव्या खाल्ल्या, त्या मानानं हा राजवाडाच म्हणायचा.

४ तारीख, मंगळवार

आज हजेरी पाहिली. सकाळी आठच्या ठोक्याला हेडबाई माइकसमोर बसतात, जाडजूड वही उघडतात आणि एक ते बारा नंबर पुकारतात. पलीकडचा माणूस ओ देतो. माणसं किती, वीज आहे का, काही हवंय का, एवढंच सांगायचं. त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवायचे आणि पुढं बरोबरची खूण करायची. दहा मिनिटांचं काम. मी शहाणपणा करून विचारलं, की सिग्नल पडद्यावर दिसतोच की, मग ही शाळा कशाला? हेडबाई म्हणाल्या, सिग्नलवरून यंत्र चालू आहे एवढंच कळतं, माणूस धड आहे की नाही ते कळत नाही.

सातवर बारक्याच होता. सात नंबर हजर, एकेचाळीस माणसं, सगळं ठीक, काही नको, फक्त बहीण बदलून पाहिजे, असं एका दमात म्हणाला कार्टा. मी इतकी मोठ्यानं हसले की स्पीकर खरखरला. हेडबाई हसल्या नाहीत. त्यांनी गंभीरपणे वहीत लिहिलं, ‘फक्त बहीण बदलून पाहिजे.’ नियम तो नियम.

८ तारीख, शनिवार

आता हजेरी मीच घेते. हेडबाई शेजारी बसून कान देतात आणि चुकले की पेन्सिलीनं टेबलावर टकटक करतात. बारा नंबर तोंडात असे बसलेत की अंघोळ करतानाही एक ते बारा मोजत असते.

बारक्याचा आकडा रोज बदलतो. एकेचाळीस, मग जुळी जन्मली म्हणून त्रेचाळीस, मग दोघं बरे होऊन घरी गेले. तो म्हणतो, दवाखान्यात सलग दोन दिवस एकच आकडा राहिला तर समजावं डॉक्टर झोपलाय. ‘हजर’ म्हटल्यावर दरवेळी खाकरतो. मी त्याला सांगितलं, की आधी स्वतःच्या घशाचं औषध घे. आईला कळवलं, जेवतो.

११ तारीख, मंगळवार

वादळ येतंय. जनरेटरवाला दिवसभर डिझेल भरत होता आणि वाऱ्याला शिव्या देत होता. हेडबाईंनी डिशच्या सगळ्या बोल्टवर स्वतः चढून पाना फिरवला. साठीच्या पुढची बाई! खालून मला ओरडून सांगत होत्या, की वर बघू नकोस, काम कर. बारक्यानं सकाळी त्रेचाळीस माणसं सांगितली, सगळं ठीक, काही नको. त्याच्या मागं हातोडीचे आवाज येत होते, खिडक्यांना फळ्या ठोकत होते.

१२ तारीख, बुधवार

पहाटे वादळ किनाऱ्यावर आदळलं. मोबाइलचे टॉवर आडवे झाले, समुद्राखालची तार तुटली, अख्खा किनारा मुका झालाय. दहा वाजता सैन्याचा एक मेजर आला. दोन रात्री झोपला नसावा, डोळे लाल होते. त्यानं टेबलावर कागद ठेवला. कंपनीच्या करारातच आहे, की आणीबाणीत सैन्य मागेल तितके चॅनेल पंधरा मिनिटांत सोडून द्यायचे. त्याला आठ हवे होते.

कोणाचे काढायचे त्याची यादी वरच्या ऑफिसनं कधीतरी करून ठेवली आहे. लहान गिऱ्हाइकं आधी. दवाखाना लहान गिऱ्हाइकांत! हेडबाई भांडल्या, मी तर आवाज चढवला. मेजरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, की त्याची चौदा हेलिकॉप्टरं हवेत आहेत आणि एकमेकांशी बोलू शकत नाहीत. ती आपसात आदळली तर बेटावर कोण जाणार? 

चॅनेल काढायच्या तीन मिनिटं आधी गिऱ्हाइकाला सांगायचं असतं. मी बारक्याला सांगितलं. तो म्हणाला, घे ताई, आम्ही कुठं पळून जातोय. मग गंभीर झाला. पाणी पायरीला लागलंय, छत अजून मजबूत आहे, पण दोन दिवसांच्या आत कुणाला तरी पाठवायला सांग. मी ते कागदावर लिहून मेजरच्या हातात दिलं, त्यानं माझ्यादेखत बेटाचं नाव शुक्रवारच्या यादीत घातलं. मग सातचा प्लग मी माझ्या हातानं काढला. तो खिळ्याला लटकतोय, समोरच दिसतो.

हेडबाईंनी वहीत त्या आठ ओळींवर तांबडी रेघ ओढली आणि मला तीनतीनदा बजावलं, की रेघ ओढलेला नंबर पुकारायचा नाही. मी म्हटलं, मेलेल्या लाइनला पुकारून करायचंय काय? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला.

१३ तारीख, गुरुवार

वाऱ्यानं एक डिश हलली म्हणून हेडबाई आणि जनरेटरवाला सकाळीच बाहेर होते. हजेरीला मी एकटी. दोन, सहा, आठ, अकरा एवढेच उरलेत. दोन झाला, सहा झाला, आणि सवयीनं तोंडातून सात निघून गेलं. जीभ चावली. पण तेवढ्यात सातचा दिवा लागला आणि बारक्या बोलला! सात नंबर हजर, खाकरणं, त्रेचाळीस माणसं, सगळं ठीक, काही नको.

प्लग खिळ्यालाच होता. असेल काहीतरी, या यंत्रांच्या पोटात काय काय चालतं ते देव जाणे. मला आनंदानं रडू आलं. मी तांबड्या रेघेवरच त्याचे शब्द लिहिले आणि ठळक बरोबरची खूण केली.

हजेरीचा कागद आता मेजरकडं जातो, त्यानं आमच्या शेजारच्याच खोलीत ठाण मांडलंय. जे ओ देत नाहीत त्यांच्याकडं हेलिकॉप्टर आधी, जे देतात ते मागं. सात ठीक आहे म्हटल्यावर त्यानं उद्याचं हेलिकॉप्टर खाणीच्या छावणीकडं वळवलं. तिथं दोनशे माणसं आहेत, मलाही ते पटलं. केंद्राच्या लाइनवरून आईला निरोप दिला, की बारक्याशी बोलले, मजेत आहे.

१४ तारीख, शुक्रवार

हेडबाईंनी वही पाहिली. एवढ्या घाबरलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सात कुणी पुकारला म्हणून माझं मनगट धरलं. मग तशाच मेजरकडं गेल्या आणि म्हणाल्या, की या नोंदीवर विश्वास ठेवू नका, बेटावर हेलिकॉप्टर पाठवा. मेजरनं कारण विचारलं. त्यांना सांगता येईना. नुसत्याच, नका ठेवू, नका ठेवू. मेजरनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, माझा सख्खा भाऊ आहे, त्याचा आवाज मी ओळखणार नाही?

त्यानं माझं ऐकलं.

आजही त्यानं ओ दिली होती. त्रेचाळीस, सगळं ठीक, काही नको. मी विचारलं, पाणी उतरलं का रे? तर म्हणाला सगळं ठीक. विचारलं, जेवलास का? थोडं थांबून म्हणाला, फक्त बहीण बदलून पाहिजे. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. शाबास रे बारक्या म्हटलं, असाच राहा.

१५ तारीख, शनिवार

त्रेचाळीस.

हेडबाई माझ्याशी बोलत नाहीत. मीही त्यांच्याशी नाही. आज मी पुकारायच्या आधीच सातचा दिवा लागला.

दिवसभर तो आकडा डोक्यात घोळतोय. मंगळवारपासून त्रेचाळीसच. वादळात कोण येणार आणि कोण जाणार, असं मनाला समजावते. दुपारी वही मागं उलटून पाहिली. अकरा तारखेची ओळ आणि आजची ओळ शब्दाला शब्द एक आहे. बहीण बदलून पाहिजे, ते चार तारखेचं आहे. शब्दांचं काय, माणूस तेच तेच बोलतो. पण खाकरणंही तेवढंच, तिथंच, आणि आज त्याच्या मागं हातोडीचे आवाज होते. चार दिवस झाले फळ्या ठोकून.

१६ तारीख, रविवार

आठला प्लग खिळ्यावरून काढून मुठीत धरून बसले. दिवा लागलाच. सात नंबर हजर.

मी विचारलं, घरात तुला काय म्हणतात? काहीच नाही. नुसती खरखर. परत विचारलं— लहानपणी विहिरीत पडलास तेव्हा कुणी काढलं? खरखर. मग स्पीकरमधून हसणं आलं. बाईचं. माझं. चार तारखेचं माझं हसणं, तसंच्या तसं, शेवटी स्पीकर खरखरतो तिथपर्यंत.

मेजरकडं धावले. आत्ता पाठवा म्हटलं. त्यानं विचारलं, संपर्क तुटला का? मी म्हटलं नाही, संपर्क आहे, पण पलीकडं तो नाही.  मी मेजरचे पाय धरले. तेव्हा त्यानं शब्द दिला, उद्या उजाडताच.

१७ तारीख, सोमवार

हेलिकॉप्टर गेलं होतं.

दवाखाना पाण्याखाली. पाण्याची उंच टाकी तेवढी वर आहे. टाकीवर कुणी नाही. बोलायचा संच बँडेजच्या पट्ट्यांनी कठड्याला बांधलेला. टाकीच्या भिंतीवर जखमेला लावायच्या जांभळ्या औषधानं चार रेघा ओढल्यात, एकेका दिवसाची एक. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. पायलट म्हणाला, चौथी अजून ओली होती, हाताला रंग लागत होता. रात्रीच्या भरतीत गेले असावेत. काल संध्याकाळपर्यंत कुणीतरी होतं.

शुक्रवारी हेलिकॉप्टर जाणार होतं. मी जाऊ दिलं नाही. मी बरोबरची खूण केली. त्रेचाळीस माणसं आणि माझा बारक्या, मी मारले. आईला काय सांगू? मजेत आहे असं सांगितलंय मी तिला.

हेडबाईंनी मला कुशीत घेतलं. मग स्वतःचं सांगितलं. वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका आणीबाणीत, त्यांनीही असाच काढून घेतलेला नंबर पुकारला होता. धरणाखालची वस्ती. नऊ दिवस ओ येत होती, सगळं ठीक, काही नको. वस्ती पहिल्याच दिवशी वाहून गेली होती. ते काय आहे त्यांना माहीत नाही. इतकंच माहीत आहे, की हाक मारेपर्यंत ते गप्प असतं. मी चिडले. हे आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर तू मला वेड्यात काढलं असतंस, आणि मुद्दाम पुकारून पाहिलं असतंस. खरं आहे. मी पाहिलंच असतं.

आठ वाजता सातनं ओ दिली होती. मी कान बंद केले. लिहिलं नाही.

१८ तारीख, मंगळवार

दुसरं वादळ. मेजरला किनाऱ्यावर बोलावलं, तो गेला. जाताना उरलेले चारही चॅनेल सैन्याकडं घेतले. आता आमच्याकडं आमचं असं काही नाही, बाहेर निरोप धाडायलाही नाही. सैन्याच्या मुख्यालयाची फक्त एक बोलायची लाइन. रोज आठला ते सगळ्या केंद्रांची हजेरी घेणार. आमचं केंद्र नंबर तीन.

आता आमचीही हजेरी— नको वाटतंय. हेडबाई म्हणाल्या, ते आता तुझा आवाज ओळखतं. मग म्हणाल्या, जाऊ दे, मी बोलेन.

१९ तारीख, बुधवार

पहाटे टेकडीची एक बाजू खचली. रस्ता गेला. जनरेटरच्या खोलीची भिंत पडली, यंत्रं आता बॅटरीवर— जनरेटरवाला खाली होता. गेला. हेडबाई त्याला ओढायला धावल्या, दुसरी भिंत त्यांच्या पायांवर. मी एकटीनं काढलं. दोन्ही पाय— नाही लिहवत. चादर फाडून बांधलंय. रक्त थांबत नाही.

आठला मुख्यालयानं हाक दिली. केंद्र तीन. मी माइककडं हात नेला आणि— स्पीकरमधून माझाच आवाज आला. हजर. तीन माणसं. सगळं ठीक. काही नको.

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

मुख्यालयाचा माणूस आभार म्हणाला, पुढचं केंद्र पुकारलं. मी माइकमध्ये किंचाळत होते. तो पुढचे नंबर घेत गेला.

२० तारीख

बाई पाणी मागतात. टाकीत गाळ आलाय. जीप गाडली गेली. डिशवर चढून पांढरी चादर हलवली. हेलिकॉप्टर वरून गेलं. थांबलं नाही. का थांबेल— आमच्यापुढं बरोबरची खूण आहे.

आठ. केंद्र तीन. हजर. तीन माणसं. कोण तीन— एक तर भिंतीखाली—

बाईंना ताप चढलाय. मला हजेरीचे नंबर म्हणून दाखवतात. सातला थांबतात.

२१

बाईंचा हात गार आहे. हाक मारते, ओ देत नाहीत.

आठ. या वेळी आधीपासूनच माइक दाबून धरला होता. ओरडले. रस्ता नाही— दोघं गेले— मी एकटी आहे— कुणीतरी या— ओरडत असतानाच स्पीकरमधून मी. तीन माणसं, सगळं ठीक, काही नको. आणि वर— फक्त बहीण बदलून पाहिजे— हेही माझ्या आवाजात. मुख्यालयाचा माणूस हसला. शाबास म्हणाला, असेच राहा.

आता कळलं. इकडं सगळं ऐकू येतं. आपलं तेवढं जात नाही.

म्हणजे बारक्यालाही— टाकीवर, तो संच बांधून— रोज आठला माझी हाक ऐकू येत होती. तो ओरडत असेल, ताई, पाणी चढतंय— आणि त्याच्या कानावर काय, तर त्याचाच आवाज, सगळं ठीक— आणि मग मी. माझं शाबास. चार दिवस तो माझं हस—